आठच्या आकड्यातले उजवे वळण

२० वर्षांहून अधिक काळ मोटारसायकल चालवल्यानंतर मला परवान्याच्या चाचणीच्या मैदानावर दोनदा नापास व्हावे लागले. दोन्ही वेळा मी एकाच जागी अडकलो. आठचा आकडा काढताना डावा फेरा सुरळीत पार पडे आणि उजव्या फेऱ्यात अर्ध्यावर माझा पाय जमिनीला टेके. हे असे का होते, हे त्या मैदानावर मला कोणी सांगितले नाही, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

माझे गाव खानापूर तालुक्यात आहे. कामासाठी बेळगावला रोजचे जाणे आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्याला जाणे हे सगळे मोटारसायकलवरच होते. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटून गेल्याचे ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता, कारण १ वर्षाहून अधिक काळ लोटला की कायद्याप्रमाणे वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. अर्ज, चाळिशी ओलांडलेल्यांना लागणारा डॉक्टरांचा दाखला, शुल्क, यांत काही अडचण आली नाही.

मैदानावर मात्र सकाळी नऊपासून उन्हात उभे राहिल्यावर साडेअकराला माझा क्रमांक आला. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी कन्नडमधून ‘मोदलु एडक्के, आमेले बलक्के’, म्हणजे आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, एवढेच सांगितले. डावा फेरा झाला. उजव्या फेऱ्यात हँडल वळवले आणि गाडीचा वेग अचानक पडला, गाडी आतल्या बाजूला कलली आणि उजवा पाय आपोआप खाली गेला. ‘कालु’, म्हणजे पाय, एवढा एकच शब्द उच्चारून त्यांनी कागदावर खूण केली आणि ‘मुंदिन वार बर्री’, म्हणजे पुढच्या आठवड्यात या, असे म्हणून पुढचा क्रमांक पुकारला. नापास झाल्यावर पुन्हा येण्यासाठी ७ दिवस थांबावे लागते, हा नियम मला मान्य आहे. पण काय चुकले ते दोन वाक्यांत सांगितले असते तर ते ७ दिवस कामी लागले असते. मी ते दिवस गावातल्या शाळेच्या मैदानावर नुसते आठ काढण्यात घालवले, तेही जी बाजू मला येत होती त्या बाजूनेच अधिक, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच पाय टेकला. तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर पुढच्या चाचणीसाठी ६० दिवस थांबावे लागले असते, आणि परवान्यावाचून इतके दिवस रोज बेळगाव गाठायचे कसे, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

खरे कारण माझ्या भाच्याला दिसले. तो बाजूला उभा राहून पाहत होता आणि म्हणाला, ‘मामा, उजवीकडे वळताना तुमचा हात पोटाशी येतो आणि रेस सुटते.’ मग आम्ही गाडी स्टँडवर लावली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. डावीकडे वळवले की उजवा हात पुढे जातो, मनगट सरळ राहते आणि रेस एका मापात धरता येते. उजवीकडे वळवले की तोच हात मागे अंगाकडे येतो, कोपर दुमडते, मनगट वाकते आणि रेस एकदम सुटते किंवा नको तेवढी पिळली जाते. त्याच वेळी डावा हात लांब ताणला गेल्यामुळे बोटांना क्लचही नीट पेलता येत नाही. हळू चालणाऱ्या गाडीला उभे ठेवते ती चाकाला मिळणारी एकसारखी ओढ. ती तुटली की गाडी आत पडणारच.

दुसरे कारण पायात आहे. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. उजवीकडे कलताना तोल गेला तर टेकायचा पाय तोच, आणि तो उचलला की ब्रेक गेला. डाव्या पायाला मात्र वळणात काही काम नसते. शिवाय स्टँड डावीकडे असतो, आपण गाडीवर बसतो डावीकडून, थांबल्यावर टेकतो तो बहुधा डावाच पाय, त्यामुळे डावीकडे झुकण्याची अंगाला वर्षानुवर्षांची सवय असते आणि उजवीकडे झुकण्याची भीती. माझ्या एका मित्राचे नेमके उलटे आहे, त्याला उजवे वळण सोपे जाते. तो वडिलांच्या जुन्या बुलेटवर शिकला, आणि त्या बुलेटला गिअर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला होता. हे कळल्यावर माझी खात्री पटली.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे उजवीकडे वळणे म्हणजे समोरची वाहतूक ओलांडणे, म्हणून मन आधीच धास्तावते, असेही काही जण सांगतात. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी किंवा चन्नम्मा चौकात ते मला पटते. चोर्ला घाटातही उजव्या वळणावर गाडी मध्यरेषेजवळ असेल तर कललेले डोके समोरून येणाऱ्याच्या वाटेत जाते, म्हणून मी तिथे नेहमी डावीकडे राखून चालतो. पण मोकळ्या मैदानावर समोरून कोणीही येत नसताना पाय टेकतो, त्याचे उत्तर या कारणातून मिळत नाही.

पुढचे ७ दिवस मी रोज संध्याकाळी फक्त उजवे फेरे मारले. दोन दगड ठेवून आधी मोठे, मग लहान. वळण्याआधीच उजव्या हाताची पकड अशी बदलायची की कोपर बाहेर राहील. रेस हलवायची नाही, वेग अर्ध्या क्लचने आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने सांभाळायचा. गाडी उजवीकडे कलली तरी अंग किंचित डावीकडे, सीटच्या बाहेरच्या कडेवर ठेवायचे. सर्वांत अवघड गेली ती नजर. पुढच्या चाकाकडे पाहिले की गाडी तिथेच घुटमळते, म्हणून मान पूर्ण वळवून फेरा जिथे संपणार तिथे पाहायचे. हे चौथ्या दिवशी जमले आणि मला झालेला आनंद मी लपवला नाही.

तिसऱ्या वेळी मी रांगेत उभा असताना माझ्या पुढच्या मुलाचा पाय उजव्या फेऱ्यातच टेकला. त्यालाही तोच एक शब्द ऐकायला मिळाला. माझा आठ पूर्ण झाल्यावर मी फाटकाबाहेर त्याला गाठले आणि त्याच्याच गाडीचे हँडल उजवीकडे वळवून दाखवले.

त्याला एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून इथे लिहितो. पुढचा ब्रेकही उजव्याच हातात असतो. हँडल वळलेले असताना घाबरून तो दाबला तर हळू चाललेली गाडी जागच्या जागी आडवी होते, तेव्हा सराव करताना त्या लिव्हरवर बोटे ठेवू नयेत.