आदिरेसाठी लागोस ते ओशोग्बो: आधी रांजण तयार आहे का विचारा

नायजेरियाच्या नैऋत्येला योरुबा बायका जे निळीचं कापड रंगवतात ते आदिरे. ते बघायला जाणारे बहुतेक जण लागोसहून अबेओकुटा गाठतात, इतोकू बाजारात तासभर हिंडतात, चार कापडं घेतात आणि परततात. खरेदीपुरतं तेवढं ठीक आहे. पण पाल्याची नीळ (योरुबात एलू), राखेचं पाणी आणि आंबलेला रांजण बघायचा असेल तर ओशोग्बोपर्यंत जावं लागतं. रांजण मुरायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तिथे विचारून घ्या: "एलूचा रांजण लावलाय का, आणि कधी लावला?" नुसतं "डाइंग दाखवाल का" विचारलंत तर होकारच येतो आणि तिथे पोचल्यावर रासायनिक रंगाची, कॉस्टिक सोड्याची बादली दिसते.

लागोसच्या एबुटे मेट्टा भागातल्या मोबोलाजी जॉन्सन स्थानकावरून इबादानची रेल्वे मिळते. १५७ किलोमीटरचा हा मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. हमरस्त्यावरच्या कोंडीपेक्षा कितीतरी बरा. वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्या. अबेओकुटाचं स्थानक गावाबाहेर आहे. इबादानला गाडी शहराच्या उत्तरेला मोनिया इथे थांबते, आणि तिथून ओशोग्बो सुमारे ९० किलोमीटर. मोनियाला उतरून मोटार शोधत बसू नका, आधीच ठरवून ठेवा आणि काहीही झालं तरी उजेड असताना पोचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा हंगाम सोयीचा. ऑगस्टमध्ये ओशुन देवीच्या उत्सवाची गर्दी असते.

इतोकूमध्ये आज दिसतं ते मुख्यतः मेणाचं किंवा बांधणीचं काम, रंग रासायनिक, जोडीला कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट). गुलाबी-पिवळं आदिरे दिसलं की तिथे एलूचा प्रश्नच उरत नाही. हे आजचंही नाही. कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक इथे १९२०-३० च्या दशकांतच शिरले, आणि कापड विटतं अशा तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत.

ओशोग्बोत निके सेंटर फॉर आर्ट अँड कल्चर हे १९८३ मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे. सुरुवात तिथून करावी. एलू ही आपल्याकडच्या निळीसारखी झुडुपी नाही, ती लाकडी खोडाची मोठी वेल आहे. कोवळा पाला उखळात कुटतात, गोळे वळतात, उन्हात खडखडीत वाळवतात. दुसरीकडे राख. दोन मडकी एकावर एक ठेवतात. वरच्याच्या बुडाला भोकं असतात. त्यात राख भरून पाणी ओततात, आणि खालच्या मडक्यात थेंबथेंब पिवळट तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी साठतं. जुन्या रंगारणी ते जिभेवर चाखून बघतात. तुम्ही क्षार मोजायचे पीएचचे कागद न्या, चाखू नका.

गोळे फोडून या पाण्यात घालतात, झाकतात, आंबू देतात. तयार रांजणावर तांबूस चकाकीची साय येते आणि खाली पाणी हिरवट पिवळं असतं. पाणी आतून निळंच दिसत असेल तर रांजण अजून जागा झालेला नाही: राखेचं पाणी कमजोर असेल किंवा ढवळून ढवळून आत हवा फार गेली असेल. क्षार अति झाला तरी आंबवणारे जंतू मंदावतात. योरुबा परंपरेत बिघडलेल्या रांजणाचा दोष इया मापो या देवतेच्या नाराजीवरही जातो, तेव्हा रंगारणीसमोर पीएचवर व्याख्यान झोडू नये. न विचारता झाकण तर मुळीच उघडू नये.

खळीच्या आदिरेला एलेको म्हणतात. कसाव्याच्या पिठाची खळ तुरटी किंवा मोरचूद घालून शिजवतात, गाळतात आणि कोंबडीच्या पिसाने किंवा पत्र्याच्या साच्यातून कापडाच्या एकाच बाजूला लावतात. खळ पूर्ण वाळल्याशिवाय कापड बुडवलं तर रेघा फुटतात. रांजणात ते चोळायचं किंवा पिळायचं नाही, अलगद बुडवून बाहेर काढायचं, हवेत हिरव्याचं निळं होऊ द्यायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. गडद निळ्यासाठी हे अनेकदा करावं लागतं. शेवटी खळ खरवडून काढतात. नक्षी पांढरीशुभ्र न राहता फिकट निळी राहते, कारण खळ रंग पूर्ण अडवत नाही. तो दोष समजू नका.

खरेदी करताना कापड उलटं करा. एलेकोची पाठ जवळपास सगळी निळी असते. कारखान्यात छापलेल्या नकलेची पाठ फिकट असते. राफियाने (ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याने) बांधलेल्या आदिरेत, म्हणजे ओनिकोत, नक्षी दोन्ही बाजूंना उमटते आणि बांधल्याच्या चुण्या बोटांना लागतात. जुनं पूर्ण वस्त्र बहुधा अडीच वारांचे दोन तुकडे जोडून शिवलेलं असतं, मधली शिवण हवीच. इबादानदुन नावाच्या नक्षीत इबादानमधल्या मापो हॉल या इमारतीचे खांब शोधा. नीळ एलूची की कृत्रिम, हे मात्र नुसत्या रंगावरून कुणालाही सांगता येत नाही, कारण अंतिम रंगद्रव्य एकच. म्हणून रांजण बघून तिथलंच कापड घ्यावं. ओला पांढरा रुमाल घासून बघा: थोडी नीळ उतरणारच, पण रुमाल गडद झाला तर शेवटचं खळबळणं नीट झालेलं नाही. घरी पहिले काही धुणे वेगळे, गार पाण्यात, रिठ्याने.

काम चालू असताना "ए कू इशे" म्हणून थोडं वाकून नमस्कार करा, वयस्क बाईंना "मामा" म्हणा, फोटो विचारून काढा. रोख नायरा जवळ हवेतच.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक परतताना भारतातही लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. एलूचे वाळके गोळे बाजारात मिळतात, पण परवान्याशिवाय भारतात आणू नका. वनस्पतीजन्य माल विमानतळावर अडकतो.