बाटलीतल्या चिठ्ठीवरचे गाव

माझे गाव सावंतवाडी तालुक्यातले. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या बेडकांच्या आणि सापांच्या संग्रहालयीन नोंदी वाचताना माझी नजर प्राण्याच्या नावाआधी ठिकाणाच्या रकान्याकडे जाते. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून नंतर अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या बेडकाचा रंग उडून जातो. पिवळे-तांबडे तर लवकरच जाते. मात्र त्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि नमुना घेणाऱ्याचे नाव नीट उतरलेले असेल, तर तो प्राणी त्या दिवशी तिथे होता याचा पुरावा कायम राहतो.

हा पुरावा वाचायला मात्र सावधपणा लागतो. जुन्या चिठ्ठीवर ‘आंबोली, जिल्हा रत्नागिरी’ असेल तर ती चूक नव्हे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. नुसतेच ‘आंबोली’ असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो, कारण आपल्या अंधेरीतही एक आंबोली आहे. अशा वेळी त्याच व्यक्तीने त्या सुमारास आणखी कुठे नमुने घेतले हे ताडून पाहावे लागते. शास्त्रीय नावेही बदलत असतात. कोयनेच्या टोडचे, म्हणजे एका प्रकारच्या बेडकाचे, वर्णन १९६३ साली ‘बुफो कोयनायेन्सिस’ या नावाने झाले. २००९ साली त्याला ‘झँथोफ्रायनी’ या नव्या प्रजातीत घेतले आणि त्याच वेळी आंबोलीचा ‘झँथोफ्रायनी टायग्रीना’ वेगळा ठरला. नोंदी केवळ नव्या नावाने शोधल्या, तर जुन्या हाती लागत नाहीत.

मोबाइलवर फोटो काढता येत असताना बाटल्या कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. देवगांडुळाचे, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या पण बेडकांच्या नात्यातल्या बिनपायाच्या उभयचराचे, उदाहरण घ्या. ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ ही जात २००३ साली आंबोलीहूनच वर्णिली गेली आणि तिला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेतल्या जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले. मातीखाली राहणाऱ्या या प्राण्याची जात ठरवताना अंगावरची वलये मोजावी लागतात, दात तपासावे लागतात. ते फोटोवरून होत नाही.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. मारलेल्या सापांची मोजदाद झाली ती पैसे चुकते करण्यासाठी. गाव आणि तारखेची चिठ्ठी लावून ठेवलेले एकच फुरसे अभ्यासकाला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक सांगते, असे माझे मत आहे.

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे आणि त्यानुसार ग्रामपंचायतींनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. मुंबईतल्या संग्रहात ज्या गावाचा नमुना आहे, त्या गावाच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक, तारीख आणि जुने-नवे नाव उतरवले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या तालुक्यापुरती गाववार यादी करायला मी घेतली आहे. पहिले पान अर्थातच आंबोलीचे, घाटावरच्या आंबोलीचे.