डालड्यातलं निकेल

चिरोट्याच्या साट्याला डालडाच हवा, असं ठासून सांगणारी पिढी आमच्या घरात अजून शाबूत आहे. साजूक तुपाने पदर सुटत नाहीत म्हणे. 1937 साली बाजारात आलेल्या त्या पिवळ्या डब्याला, त्यावरच्या माडाला लोकांनी डोक्यावर घेतलं. रिकाम्या डब्यात तुळस लावली, आणि भल्या सकाळी तो हातात घेऊन कुठे निघत ते सांगायला नको. आतल्या तेलाचं तूप करणाऱ्या निकेलचं मात्र कुणी नाव काढलं नाही.

निकेल हा इथला उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ. उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, असं आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत घोकलंय. साफ चूक! निकेल चांगलं भाग घेतं, फक्त शेवटी जसंच्या तसं सुटतं. हायड्रोजनचे अणू जोडीने राहतात आणि ती जोडी फोडणं महाकठीण. निकेलच्या पृष्ठभागावर मात्र ती सहज फुटते आणि एकेक अणू धातूला चिकटून बसतो. तेलाचा रेणूही दुहेरी बंधापाशी, म्हणजे दोन कार्बन अणू दुहेरी जोडलेले असतात तिथे, निकेलवरच टेकतो. त्याला आधी एक हायड्रोजन जोडला जातो, मग दुसरा. काम झालं की रेणू उठतो, पुढच्याला जागा मोकळी.

फ्रान्समध्ये तुलूझला पॉल साबातिए यांनी वायूंवर हे करून दाखवलं आणि 1912 चं नोबेल मिळवलं. तेलावरचं पेटंट 1902 मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतलं.

तेल थिजतं कशाने? दुहेरी बंधापाशी रेणू वाकलेला असतो, आणि वाकड्यातिकड्या काटक्यांची मोळी कधी घट्ट बसत नाही. बंध भरला की रेणू सरळ होतो.

घोळ होतो तो मधल्या पायरीवर. पहिला हायड्रोजन आला, दुसरा वेळेवर आलाच नाही, तर रेणूतला एखादा हायड्रोजन परत सुटतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. पण तोवर एकेरी झालेला बंध गर्रकन फिरलेला असतो. हेच ते ट्रान्स फॅट. बंध दुहेरीच, पण रेणू जवळपास सरळ. म्हणून तेही थिजतं, आणि हृदयाला महागात पडतं. आपल्याकडे 2022 पासून तेल-तुपात त्याला 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

गंमत अशी, की हायड्रोजन पूर्ण भरला तर ट्रान्स फॅट जवळजवळ उरतच नाही. पण मग हाती येतं ते मेणासारखं कडक. ते पोळीवर फासणार कसं? म्हणून वनस्पती तुपाच्या कारखान्यात अभिक्रिया मुद्दाम अर्ध्यावर थांबवत. निकेलची तर पुढे जायची तयारी होती.