कुरणावरची घोडी एन्ड्युरन्ससाठी तयार करताना

पुण्याजवळच्या माळावर मोकळी राहणारी ४०० किलोची मारवाडी घोडी मी ४० किलोमीटरच्या एन्ड्युरन्ससाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेसाठी, तयार करते. यात निम्मं काम गवत ओळखण्याचं असतं.

अशा घोडीला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ८ किलो कोरडा चारा लागतो. श्रावणातल्या गवतात ८० टक्के पाणी, त्यामुळे तेवढ्यासाठी ती ४० किलो ओलं गवत खाते. त्या पोटावर कँटर (मध्यम वेगाची दौड) नको. रपेटीआधी दोन-तीन तास तिला कुरणातून काढायचं. पोट अगदी रिकामं राहू नये म्हणून मूठभर वाळलेला चारा पुढे ठेवायचा.

पवन्या आणि मारवेल ही गवतं उत्तम. कुसळी मात्र फुलोऱ्याआधीच कापून टाकावी. तिची कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, घोडी लगाम घेत नाही आणि लोक तिच्या स्वभावाला नावं ठेवतात!

नेपिअर-गजराज गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर गव्हाचा कोंडा घातला तर फॉस्फरसही वाढतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं: आज एक पाय लंगडतो, उद्या दुसरा, पुढे तोंडाची हाडं सुजतात. कोंडा बंद करून रोज चार-पाच किलो ओला लसूणघास द्यायचा. मीठ ३० ग्रॅम, घाम गाळल्यावर दुप्पट.

पहिले दोन महिने फक्त चाल आणि ट्रॉट (दुडकी). अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. थांबल्यावर पंधरा मिनिटांत नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांवर आली नाही, तर पुढच्या रपेटीचं अंतर कमी. स्पर्धेत डॉक्टर हाच आकडा बघतात.

पावसात खूर मऊ पडून खिळे सैल होतात. रोज काही तास मुरमाच्या कोरड्या जागेवर उभं करावं आणि नालबंद पाच-सहा आठवड्यांनी यावाच. चावऱ्या माश्या सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरवतात, म्हणून ताप रोज मोजते. ३८.५ अंश सेल्सिअसवर गेला की काम बंद, आणि ताप असतानाच तपासणीसाठी रक्ताची काचपट्टी करून घ्यायची. खाऊनही वजन उतरत असेल, पोटाखाली सूज असेल तर सर्राचीच शंका आधी घ्यावी.

स्पर्धेच्या ठिकाणी तबेला आणि वाळलेला चारा असतो. म्हणून दहा दिवस आधीपासून हिरवं थोडं थोडं कमी करत वाळलेलं वाढवते. एकदम बदललं तर पोटशूळ ठरलेला. प्रवासात तोच चारा सोबत न्यायचा, आणि घरचं पाणीही, कारण अनोळखी चवीचं पाणी बऱ्याच घोड्या पीत नाहीत.