सात डॉलरवर सही न करणारी पलटण

बॉस्टनला मुलाकडे आलो की ओळखीच्या मराठी मंडळींना मी बीकन स्ट्रीटवर, स्टेट हाउसच्या समोर असलेल्या ब्राँझच्या एका मोठ्या शिल्पपटाकडे घेऊन जातो. तेथे उभा राहून मॅसेच्युसेट्सच्या ५४व्या स्वयंसेवक पायदळ पलटणीची हकीगत सांगू लागलो की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी हमखास विचारते, "स्वयंसेवक होते ना ते? मग पगारासाठी कशाला भांडले?" मागच्या उन्हाळ्यात तीन निरनिराळ्या माणसांनी हाच प्रश्न केला. उन्हात, नातवंडे बागेकडे ओढत असताना दिलेले उत्तर प्रत्येक वेळी तोकडे पडते. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून नीट लिहितो.

मी फौजेत नव्हतो आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. माझी नोकरी लेखा शाखेत, पगारपत्रके तपासण्यात गेली. त्यामुळे या पलटणीची गोष्ट मला बंदुकीच्या बाजूने न कळता वजावटीच्या रकान्यातून कळली, हे आधीच कबूल करतो.

आपल्याकडे स्वयंसेवक म्हटले की बिल्ला लावून मिरवणुकीचा दोर धरणारा, पदरमोड करून राबणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्ये आणि उरलेले संघराज्य यांच्यातल्या १८६१ ते १८६५ च्या लढ्यात, या शब्दाचा अर्थ तसा नव्हता. युद्धाला तोंड लागले तेव्हा संघराज्याची कायमची फौज जेमतेम सोळा हजारांची होती, म्हणून अध्यक्ष लिंकन यांनी राज्यांकडे माणसे मागितली. राज्यांनी पलटणी उभ्या केल्या, गव्हर्नरांनी अधिकारी नेमले, आणि प्रत्येक पलटणीला क्रमांक व राज्याचे नाव मिळाले. सक्तीने न आणलेला, स्वतः नाव नोंदवलेला, ठरावीक मुदतीचा शिपाई तो स्वयंसेवक. त्याला पगार होता आणि तो ठरलेला होता. ५४व्या पलटणीच्या भरतीसाठी १८६३ च्या फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये जे भित्तिपत्रक लागले, त्यावर महिना १३ डॉलर, मुदत संपल्यावर १०० डॉलर आणि कुटुंबांना राज्याची मदत, असे ठळक अक्षरांत छापले होते. गोऱ्या शिपायाला तेव्हा १३ डॉलरच मिळत, कपड्यांचा भत्ता वेगळा.

ही पलटण काळ्या सैनिकांची होती. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली. त्यानंतर मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी युद्धमंत्र्यांकडून परवानगी मिळवली, आणि बॉस्टनजवळच्या रीडव्हिल येथील छावणीत कवायत सुरू झाली. एकट्या मॅसेच्युसेट्सातून एवढी माणसे निघणे शक्य नव्हते. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, ओहायो अशा राज्यांतून, थेट कॅनडातूनही ती आली. न्हावी, शेतकरी, खलाशी, गाडीवान असे सगळे त्यांत होते. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस गावोगाव भाषणे देत माणसे जमवत होते आणि त्यांची दोन मुले त्यांत होती. थोरला लुईस पलटणीचा सार्जंट मेजर झाला. अधिकारी मात्र सगळे गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ पंचवीस वर्षांचा होता आणि त्याने पहिल्यांदा हे पद चक्क नाकारले होते.

२८ मे १८६३ रोजी सुमारे हजार माणसांची ही पलटण बॉस्टनच्या रस्त्यांवरून बंदराकडे गेली. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पोहोचून महिनाही झाला नव्हता, तोच वॉशिंग्टनचा हुकूम आला की काळ्या सैनिकांना महिना १० डॉलर मिळतील आणि त्यांतून ३ डॉलर कपड्यांचे कापले जातील. म्हणजे हातात सात. त्यातही शिपाई असो की सार्जंट, रक्कम तीच. गोऱ्या सार्जंट मेजरला २१ डॉलर होते. लुईस डग्लसलाही तेच सात.

हा आकडा कोठून आला, हे माझ्यासारख्याला प्रथम शोधावेसे वाटते. जुलै १८६२ च्या एका कायद्यात, शत्रूच्या मुलखातून पळून आलेल्या गुलामांना खंदक खणण्यासाठी आणि सामान वाहण्यासाठी कामावर घेताना द्यायची मजुरी ठरवली होती. युद्धखात्याच्या विधी सल्लागाराने तेच कलम बंदूकधारी पलटणीला लावले. भित्तिपत्रकातला शब्द कोणी मोडला असे कागदावर कोठेच दिसत नाही. फक्त माणसांचा प्रवर्ग बदलला. कार्यालयात आयुष्य काढलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. शॉने २ जुलैला गव्हर्नरांना लिहिले की या पलटणीला पूर्ण पगार तरी द्यावा, नाहीतर तिला सेवेतून मोकळे करावे.

त्यानंतर सोळा दिवसांनी वॅग्नर किल्ल्याची लढाई झाली. मंडळींना तीच ऐकायची असते, म्हणून थोडक्यात सांगतो. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेट आहे. तेथे वाळूचा आणि ताडाच्या ओंडक्यांचा हा किल्ला होता, आणि त्याच्याकडे जाणारी वाट म्हणजे एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला दलदल असलेली वाळूची चिंचोळी पट्टी. दिवसभर तोफा चालल्या, पण किल्ल्यातली माणसे वाळूखालच्या तळघरांत सुरक्षित होती. १८ जुलैच्या संध्याकाळी अंधार पडता पडता ५४वी पलटण सगळ्यांच्या पुढे निघाली. दोन रात्री झोप नाही, पोटात धड अन्न नाही अशी सहाशे माणसे. तटावर चढलेला शॉ तेथेच पडला. झेंडेकरी कोसळताना न्यू बेडफर्डच्या विल्यम कार्नीने झेंडा उचलला, तटापर्यंत नेला, आणि गोळ्या लागलेल्या अवस्थेत तो जमिनीला टेकू न देता परत आणला. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या या माणसाला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी. किल्ला त्या रात्री पडला नाही. पलटणीची २७२ माणसे मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत. शत्रूने शॉला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. त्यामागे अपमान करण्याचा हेतू होता. पण पुढे मृतदेह परत मिळवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा त्याच्या वडिलांनी, तो जेथे आहे तेथेच राहू द्या, असे कळवले. त्या रात्री वाचलेल्यांत सर्वांत वरिष्ठ उरलेला कॅप्टन लुईस एमिलिओ हा अठरा वर्षांचा होता, आणि काही काळ पलटण त्याच्या हाताखाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढे झाल्यावरही सरकारने सात डॉलरच पुढे केले आणि सैनिकांनी ते घेतले नाहीत. "अहो, सात तर सात, घ्यायचे आणि बाकीच्यासाठी अर्ज करत राहायचे," असे माझे एक स्नेही म्हणाले. व्यवहाराचा सल्ला म्हणून तो चुकीचा नाही. पण आमच्या काळी पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर आडवी सही घेत असत, आणि ती सही म्हणजे नुसती पोच नसे. पदनाम, श्रेणी, वजावट हे सारे रकाने मला मान्य आहेत, असा तिचा अर्थ होई. सात डॉलर घेणारा माणूस, मी शिपाई नसून मजूर आहे, हेही लिहून देत होता. म्हणून ते शिपाई हजेरीला उभे राहिले, पहारे दिले, खंदक खणले, मेले; पैसे तेवढे घेतले नाहीत. दीड वर्ष.

हे प्रकरण सगळ्यांत नेमक्या शब्दांत मांडले ते जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने. तो पूर्वी देवमासे मारणाऱ्या जहाजांवर खलाशी होता आणि छावणीतून न्यू बेडफर्डच्या वर्तमानपत्राला नियमित पत्रे पाठवीत असे. २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्याने थेट लिंकन यांना पत्र लिहिले आणि त्यात, आम्ही सैनिक आहोत की मजूर, एवढाच मुख्य प्रश्न असल्याचे सांगितले. पत्रात गयावया नाही, शिवीगाळ नाही. आम्ही सैनिकाचे काम केले, तर सैनिकाचा पगार का नाही, इतकेच तो विचारतो. असे पत्र आमच्या शाखेत आले असते, तर त्यावर शेरा काय मारायचा याची पंचाईत झाली असती.

नोव्हेंबरमध्ये मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव केला की सातावरचा फरक राज्याच्या तिजोरीतून भरून देऊ. तोही सैनिकांनी नाकारला. ऐकणाऱ्यांना येथे हटकून धक्का बसतो, कारण आता तर पुरे तेरा मिळत होते! पण आम्ही संघराज्याचे सैनिक आहोत, हे संघराज्यानेच मान्य करायचे होते. शेजाऱ्याने भरलेल्या पैशाने ती मान्यता मिळणार नव्हती. पलटणीचे गोरे अधिकारीही या बाबतीत त्यांच्या बाजूने उभे राहिले.

याची किंमत घरच्यांनी मोजली. बायकामुले उसनवारीवर आली, काहींवर अनाथ-निराधारांच्या आश्रयाला जाण्याची पाळी आली, आणि ती पत्रे छावणीत येऊन पडत. दक्षिण कॅरोलायनाच्या दुसऱ्या एका काळ्या पलटणीत विल्यम वॉकर या सार्जंटने आपल्या माणसांना बंदुका खाली ठेवायला लावल्या, कारण सरकारनेच करार मोडला होता. त्याला बंडखोर ठरवून २९ फेब्रुवारी १८६४ रोजी गोळ्या घातल्या. ५४व्या पलटणीला ही धार ठाऊक होती. कामाला नकार दिला की बंड, पगाराला नकार दिला तर मात्र कोणत्याच कलमात बसवता येत नाही. या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत ती माणसे उभी राहिली.

वॉकरला मारले त्याच्या नऊच दिवस आधी, फ्लॉरिडात ओलस्टी येथे, संघराज्याची फौज मार खाऊन मागे फिरत असताना तिची पिछाडी राखायला ५४व्या पलटणीला पुढे काढले होते. धावत जाताना त्यांनी "मॅसेच्युसेट्सचा जयजयकार, आणि महिना सात डॉलरचा!" अशी आरोळी दिली. मला साऱ्या हकिगतीत हा टोमणा सर्वांत आवडतो. माघारीत जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा याच माणसांनी दोर बांधून ती गाडी कित्येक मैल ओढून नेली. गुडिंग त्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला.

पुढची कोंडी कागदावरच फुटली. पलटणीचे धर्मोपदेशक सॅम्युएल हॅरिसन काळे होते. धर्मोपदेशकाचा पगार कायद्याने महिना १०० डॉलर असताना त्यांच्यापुढेही दहाच ठेवले गेले. गव्हर्नर अँड्र्यू यांनी हे एक प्रकरण हातात धरून वर पाठवले, आणि एप्रिल १८६४ मध्ये महान्यायवादी एडवर्ड बेट्स यांनी हॅरिसन यांना पूर्ण पगार दिला पाहिजे, असे मत दिले. एका माणसाची फाइल चोख असली की हजारांची वाट मोकळी होते, हा माझाही अनुभव आहे. जूनमध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. सर्व काळ्या सैनिकांना १ जानेवारी १८६४ पासून, आणि जे युद्धाच्या आरंभी, १९ एप्रिल १८६१ रोजी, स्वतंत्र होते त्यांना भरतीच्या दिवसापासून.

यात नवी मेख होती, कारण पलटणीत पळून आलेले गुलामही होते आणि कायद्याने ते त्या तारखेला कोणाच्या तरी मालकीचे होते. कर्नल एडवर्ड हॅलोवेल हा गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, शॉच्या जागी आलेला. त्याने शपथेचा मसुदाच असा केला की, १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्यापूर्वी तुम्ही कोणाही माणसाला विनामोबदला श्रमांचे देणे लागत नव्हता. आपल्या भाषेत, कोणाच्या वेठीचे देणेकरी नव्हता. कोणता गुलाम असे देणे लागतो? सगळ्यांनी बिनदिक्कत शपथ घेतली. मी लेखापरीक्षणात असतो तर या मसुद्यावर आक्षेप काढला असता की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नसता काढला.

१८६४ च्या सप्टेंबरअखेर मॉरिस बेटावर पैसे आले. पूर्ण तेरा, भरतीच्या दिवसापासूनच्या फरकासह. सुमारे १ लाख ७० हजार डॉलर वाटले गेले आणि त्यांतले साठ हजारांहून अधिक सैनिकांनी लगोलग घरी धाडले. वेतन आयोगाचा फरक जमा झाल्याचा दिवस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या संध्याकाळचे वर्णन करून सांगायला नको. गुडिंग त्यांत नव्हता. अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध कैदखान्यात तो १९ जुलैला, म्हणजे कायदा होऊन महिना उलटल्यावर, मेला होता.

शिल्पाबद्दल एक सांगायचे राहिले. ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराला आधी एकट्या शॉचा अश्वारूढ पुतळा करायचा होता. एवढा मान सेनापतींचा, आमच्या मुलाचा नव्हे, असे घरच्यांनी म्हटले, म्हणून घोड्याच्या बाजूने चालणारे सैनिक पटात आले, आणि जवळजवळ चौदा वर्षे खपून त्याने प्रत्येकाचा चेहरा वेगळा घडवला. १८९७ मध्ये अनावरण झाले तेव्हा मागच्या बाजूला मृत अधिकाऱ्यांची नावे होती. सैनिकांची नव्हती. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते गुलामांना मुक्त करणारे लोक शाळेपासून माझ्या ओळखीचे होते. मुक्तीसाठी स्वतः बंदूक उचललेल्या या माणसांची गाठ मात्र साठी उलटल्यावर पडली. पुढच्या वेळी आलात की मी तुम्हाला आधी पटाच्या मागे नेईन. तेथे आता चौसष्ट सैनिकांची नावे आहेत, १९८२ साली कोरलेली. ती जुन्या अक्षरांच्या खाली आहेत, तेव्हा थोडे वाकून वाचावी लागतील.