आमची वाटचाल: माणग्याचं काम आणि हळदीची चाचणी

आम्ही बांबूवर औषधप्रक्रिया करून बांधकाम करतो. "बांबू टिकत नाही" असं गोव्यात कोणी म्हटलं की आम्हाला एक सामुदायिक सभागृह आठवतं. आमचं दरपत्रक बाजूला सारून काम दुसऱ्याला निम्म्या दरात दिलं गेलं. त्याने भर पावसात तोडलेला ओला बांबू वापरला आणि वर जळकं ऑइल फासलं. अशा बांबूत पिष्ट असतं, भुंग्याला तेच हवं. वाशांखाली पिवळट भुगा पडू लागला, पुढच्या पावसात छप्पर बसलं. बदनाम मात्र बांबू झाला. आमच्या ऑर्डरी एकेक करून गेल्या, बांबू औषधात बुडवायच्या टाकीच्या कर्जाचे हप्ते थकले, धंदा बंद पडायच्या बेतात आला.

साथ दिली ती डिचोलीतल्या एका बागायतदारांनी. खाणीच्या डंपवरची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावरची, लाल माती वाहून त्यांच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) साचायची. उतारावर समपातळी चर खणले आणि चरांच्या खालच्या अंगाला माणगा, म्हणजे कोकण-गोव्यातला भरीव बांबू, लावला. ५ मीटरवर एक रोप, म्हणजे हेक्टरी ४००. खड्डा २ फुटांचा, त्यात शेणखत आणि पालापाचोळा. डंपच्या मातीत कस नसतोच. मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच जाळं विणतात, धूप तिथेच थांबते. डंपचा पायाच सरकत असेल तर मात्र दगडी बांध घाला, बांबूवर विसंबू नका. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला आणि बांबूच्या खाजगी बेटांची तोड सोपी झाली. त्याच बेटांतल्या काठ्यांवर आज त्यांच्या कामगारांची घरं उभी आहेत.

तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारी, काठी तीन वर्षांवरची. भुंगा लागू नये म्हणूनचं औषध असं: १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक ॲसिड, ३ किलो बोरॅक्स, गरम पाण्यात विरघळवून. माणगा भरीव, म्हणून दहा दिवस तरी बुडवाच. खिळा मारलात तर काठी उभी चिरते. गाठीजवळ ड्रिल करून बोल्ट घाला. बोरॅक्स पाण्याने धुऊन जातं, म्हणून चिऱ्यांचं जोतं दोन फूट उंच आणि वळचण तीन फूट बाहेर हवी. खांब जमिनीत पुरू नका.

आणि दर विचारण्याआधी चाचणी मागा. काठी मधोमध कापून त्यावर स्पिरिटमधला हळदीचा अर्क लावायचा, सुकल्यावर सॅलिसिलिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं स्पिरिट, हातमोजे घालूनच. लाल झालं तर औषध आत पोचलंय. त्या सभागृहाचे मोडके वासे आम्ही तपासले होते, पिवळेच राहिले. आमच्या यार्डात हवी ती काठी निवडून कापा, तुकड्याचे पैसे लावत नाही.