गाय गाभडली की आधी हात सांभाळा

गायीपासून माणसाला होणाऱ्या जिवाणूंच्या आजारांचा विषय निघाला की बोलणं कच्च्या दुधावर येऊन थांबतं. दूध उकळलं की तो प्रश्न मिटतो. गायीचा गर्भ पाडणारा ब्रुसेला हा जिवाणू तर ७२ अंशांना १५ सेकंदांतच मरतो. गोठ्यात काम करणाऱ्याला जास्त धोका गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भपात होतो, त्या दिवशी असतो.

गायीत आढळणाऱ्या ब्रुसेलाला, म्हणजे ब्रुसेला अबॉर्टसला, एरिथ्रिटॉल ही साखर फार मानवते आणि गाभण गायीच्या जारेत (वारेत) ती भरपूर असते. गर्भपात बहुधा पाचव्या महिन्यानंतर होतो. पडलेलं वासरू, जार, गर्भजल, सगळं जिवाणूंनी भरलेलं असतं. जार अडकली म्हणून कोणी उघडा हात घालतो. नखाशेजारची बारीक चीर किंवा डोळ्यात उडालेला एक शिंतोडा संसर्गाला पुरतो.

म्हणून खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे घाला आणि त्यावर रबरी मोजे चढवा, कारण नुसतं प्लास्टिक बोटांपाशी फाटतं. चष्मा, एन-९५ मास्क, गमबूटही हवेत. जार ओढू नका. वासरू पुरण्याआधी पशुवैद्यकाला त्याच्या पोटातल्या द्रवाचा नमुना घेऊ द्या, नाहीतर निदान अंदाजावरच राहतं. मग कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल, चुना टाकून पुरा. जमीन आधी खरवडून साबणाने धुवा, ब्लीच त्यानंतर. शेण-रक्तावर ओतलेलं ब्लीच तिथेच वाया जातं. जोराच्या फवाऱ्याने धुणं तर सर्वांत वाईट, त्याने जिवाणू हवेत उडतात. क्यू ताप या आजाराचा जिवाणू कॉक्सिएलाही याच स्रावात असू शकतो आणि तो वाळलेल्या धुळीतही टिकतो. गरोदर बायकांनी आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांनी तिकडे फिरकूच नये.

‘पुढच्या खेपेला नीट व्यायली, म्हणजे बरी झाली’ हा समज महागात पडतो. अशी गाय दिसायला ठणठणीत असते, पण व्याताना आणि दुधातून जिवाणू टाकत राहू शकते. ब्रुसेलाविरुद्धची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एकदाच देतात. लशीत जिवंत जिवाणू असतात, त्यामुळे सुई स्वतःला टोचली तर डॉक्टरांना लशीचं नाव सांगा. आरबी-५१ ही दुसरी लस असेल तर रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाचा उपयोग नाही.

माणसाला ताप साधारण २ ते ४ आठवड्यांनी येतो, कधी काही महिन्यांनी. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषांत कधी वृषणाला सूज. टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्या होत राहतात आणि गोठ्याचं कोणी विचारत नाही. संशय असेल तर रक्ताची रोझ बेंगाल चाचणी करतात. कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहायची तपासणी) पाठवताना प्रयोगशाळेला ब्रुसेलाची कल्पना द्यावी; तो सावकाश वाढतो आणि तिथल्या माणसांनाही लागतो. उपचारात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि सोबत रिफाम्पिसिन, दोन्ही ६ आठवडे. दहाव्या दिवशी ताप गेला म्हणून गोळ्या बंद केल्या की तो परतण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांकडे जाल तेव्हा गाय कोणत्या तारखेला गाभडली आणि जारेला हात कोणी लावला, हे न विचारताच सांगा.